धडाडीचा धनंजय आणि आठवा गडी

खुशाल उंदिरवाडे यांच्यावर सरकारविरोधी कटाचा संशय आला, त्या वेळी ते लटारूभाऊ शिंप्याच्या दुकानात बसून एका शाळकरी पोराची कबड्डी बघत होते. पोरगं खरं नव्हतं. नागपूरच्या एका दैनिकात सहाव्या पानावर, बाजारभावांच्या खाली, तीन चौकोनांत ते राहत होतं आणि त्याचं नाव होतं धडाडीचा धनंजय.

पण हे असं एकदम सांगून टाकलं तर खुशालरावांवर अन्याय होईल. कट करण्याइतका मोकळा वेळ त्यांना कधीच नव्हता. वडशाच्या एका सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते आणि दुसऱ्याच्या कागदातली चूक काढणं हे त्यांचं काम होतं. काम म्हणण्यापेक्षा व्यसन म्हणा. लग्नपत्रिका हातात आली तरी मुहूर्त बघण्याआधी ते ऱ्हस्व-दीर्घ बघत. त्यांच्या बायकोनं, इंदूताईंनी, भाजीत मीठ जास्त झालं आहे का हे त्यांना विचारायचं कधीच सोडून दिलं होतं, कारण उत्तर मुद्देसूद यायचं.

अशा माणसाच्या हाती धनंजय लागला, म्हणजे बोक्याच्या पुढ्यात दुधाचं पातेलं उघडं पडलं.

नागपूरचा पेपर दुपारच्या छोट्या गाडीनं वडशाला यायचा. कचेरी सुटली की खुशालराव लटारूभाऊंच्या दुकानात जाऊन सहावं पान मोठ्यानं वाचायचे. धनंजय हा कुठल्याशा हायस्कुलातला खेळाडू. तो सगळेच खेळ खेळायचा आणि सगळेच शेवटच्या क्षणी जिंकायचा. पहिल्या चौकोनात त्याच्या बनियनवर सात आकडा असे, दुसऱ्यात एक, आणि तिसऱ्यात बनियनच वेगळं. त्याचे क्रीडाशिक्षक प्रधान सर सदानकदा तोंडात शिट्टी धरून उभे असत आणि त्या शिट्टीसकट संपूर्ण सुविचार बोलत. ‘शिस्त हाच खेळाडूचा खरा श्वास, मुलांनो!’

“शिट्टी तोंडात ठेवून ‘श्वास’ म्हणून दाखवा,” खुशालराव पेपर खाली ठेवून आव्हान देत. “कोणीही म्हणून दाखवा.”

मग दुकानातले सगळे बोटं तोंडात घालून ‘श्वास, श्वास’ करून बघत, आणि कपडे शिवायला आलेली माणसं माप न देताच परत जात. निवृत्त स्टेशनमास्तर नथ्थूजी तर हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत. सर्व्हिसमध्ये असताना ते कधी हसले नव्हते. त्याची भरपाई आता चालली होती.

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, पोळ्याच्या सुमारास धनंजयनं कबड्डीच्या अंतिम सामन्यात चढाई सुरू केली. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत तो मध्यरेषा ओलांडून गेला. गणपती आले, गेले, तो आतच. दसरा झाला. धान पिवळं पडायला लागलं. दिवाळीच्या करंज्या खाऊन संपल्या तरी धनंजय एकाच दमात विरुद्ध संघाच्या अंगणात कबड्डी कबड्डी करत होता. कधी त्याला आईची आठवण येई, त्यात आठवडा जाई. कधी प्रधान सर बाहेरून उपदेश करत, त्यात दुसरा आठवडा.

“ह्या पोराची छाती हाय का चक्कीचा पट्टा?” लटारूभाऊ म्हणाले.

पण खुशालरावांच्या नजरेत भरला तो वेगळाच मुद्दा. चढाईच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी विरुद्ध संघाची माणसं मोजली होती. पुन्हा मोजली. मग लटारूभाऊंच्या खडूनं एकेकाच्या डोक्यावर टिंब देऊन मोजली.

“आठ!” ते उभे राहून म्हणाले. “कबड्डीत गडी असतात सात. हा आठवा कोठून आला?”

त्याच संध्याकाळी त्यांनी संपादकांना पोस्टकार्ड टाकलं. ‘आपल्या चित्रकथेत विरुद्ध संघात आठ खेळाडू आढळून येत आहेत. आठवा इसम कोणाच्या अनुमतीने आत शिरला, याचा खुलासा व्हावा. तसेच चित्रकार श्री. आ. ढोबळे यांनी आयुष्यात कधी मैदानात पाय ठेवला आहे काय, हेही कळावे.’

पत्र छापून आलं. खुशालरावांचं नाव, गावासकट! त्या दिवशी कचेरीत तो पेपर त्यांच्या टेबलावर अगदी सहज पडल्यासारखा, पण नेमक्या पानावर उघडा पडून होता. आणि गंमत म्हणजे दोन दिवसांनी धनंजयच्या चित्रात आठवा गडी एका नारळाच्या झाडामागे अर्धा लपलेला दिसला.

“लपवला!” खुशालराव ओरडले. “चूक दुरुस्त नाही केली, लपवली! आणि कबड्डीच्या मैदानात नारळाचं झाड?”

पुढचं कार्ड गेलं. मग नथ्थूजींचं गेलं. लटारूभाऊंनी जन्मात पहिल्यांदा टपालाला हात लावला. मोंढ्यातले दोन अडते, शाळेचे गणिताचे मास्तर, एस.टी.चा एक कंडक्टर, जो तो कार्ड लिहायला लागला. गाडीची वाट बघत स्टेशनवर माणसं उभी राहायला लागली आणि पेपर हातात पडला की आधी गडी मोजायची.

“असे सुटे सुटे लिहून काई फायदा नाई,” नथ्थूजींनी एक दिवस सल्ला दिला. “संस्था पायजे. संस्थेच्या कागदाले वजन असते.”

अशा तऱ्हेनं ‘धनंजय दोषदर्शन मंडळ, वडसा’ स्थापन झालं. खुशालराव अध्यक्ष. नथ्थूजी उपाध्यक्ष. लटारूभाऊंकडे टेबल होतं म्हणून ते चिटणीस. रबरी शिक्का ब्रह्मपुरीहून करून आणला, तर करणाऱ्यानं जागा पुरेना म्हणून ‘दोष’ गाळला होता. ‘धनंजय दर्शन मंडळ’ असा शिक्का उमटू लागला आणि दर गुरुवारी भजन किती वाजता असतं, असं लोक येऊन विचारू लागले.

शेजारच्या केसरबाईंना तर धनंजय हा उंदिरवाड्यांचा कोणी आजारी नातलग वाटला होता. खुशालराव घरात शिरता शिरता “आजही दम सुटला नाही” असं म्हणायचे, ते त्या भिंतीपलीकडून रोज ऐकत होत्या. एक दिवस त्या अडुळशाचा काढा घेऊनच आल्या.

“इंदू, पोराले हे दे. पोळ्यापासून धाप लागून हाय म्हणते अन् तुमी हसत राह्यले सारे! काऊन हसता बाप्पा?”

इंदूताईंनी काढा ठेवून घेतला. खरा प्रकार सांगायचा त्यांना धीर झाला नाही.

सगळं असं सुखानं चाललं असताना लटारूभाऊंच्या हातून एक लहानशी चूक झाली. चिटणीस या नात्यानं त्यांनी मंडळाचं एक कार्ड पेटीत टाकलं आणि पत्त्याची बाजू कोरीच ठेवली. आता पत्ता नसलेलं कार्ड टपालवाले वाचणार नाहीत तर काय करणार? कार्डावर असं होतं:

‘चढाई सुरू होऊन फार दिवस झाले. आठवा माणूस अजून झाडामागे दबा धरून आहे. आपण त्याचा बंदोबस्त करणार की नाही? आमचे लोक गावोगाव लक्ष ठेवून आहेत. — अध्यक्ष, खु. उंदिरवाडे.’

खाली शिक्का.

दिवस कसे होते हे सांगायला नको. जंगलाच्या बाजूनं नक्षलवाद्यांचं रोज काहीतरी कानावर यायचं, गडचिरोलीच्या रस्त्यावर पोलिसांच्या छावण्या पडल्या होत्या. वाचणाऱ्यानं ते कार्ड ज्यांच्याकडे द्यायला हवं असं त्याला वाटलं, त्यांच्याकडे दिलं, यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

सोमवारी साहेबांनी खुशालरावांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“उंदिरवाडे, तुम्ही कुठल्या संघटनेत आहात?”

खुशालरावांची छाती फुगली. कीर्ती साहेबांपर्यंत पोचली होती. “हो सर. अध्यक्ष आहे.”

साहेब खुर्चीत जरा मागे सरकले. “अध्यक्ष?”

“संस्थापक अध्यक्ष,” खुशालराव नम्रपणे म्हणाले. “आमची माणसं आता मोंढ्यात आहेत, शाळेत आहेत, एस.टी.तसुद्धा आहेत.”

साहेबांनी टेबलावरच्या ग्लासातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग गडचिरोलीहून आलेला कागद पुढे सरकवला. बुधवारी चौकशीला हजर राहावे. खुलासा समाधानकारक नसल्यास खात्यामार्फत पुढील कारवाई.

त्या दुपारी खुशालराव घरी आले ते तडक खाटेवर पडले. इंदूताईंनी कागद वाचला, घडी घातली आणि त्यांच्या उशाशी बसल्या.

“मी म्हणत होती ना, त्या पोराचा नाद सोडा म्हणून. नौकरी गेली तं काय करू आपण?”

“आपण म्हणजे? कार्डं मी लिहिली,” खुशालराव छताकडे बघत म्हणाले.

“तुमी लिहिले तं मी काय शेजारीण हावो?” इंदूताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मंगळवारभर घरात सल्ल्यांची जत्रा भरली. नथ्थूजींचं म्हणणं, एक शब्द बोलायचा नाही. लटारूभाऊंचं म्हणणं, सगळं बोलायचं, पण इंग्रजीत. मोंढ्यातल्या एका अडत्यानं सांगितलं, “दाढी काढून जा, बाबू. दाढीवाल्यावर शंका येते.”

“मला दाढी नाहीच,” खुशालराव म्हणाले.

“मंग ठेवून जा,” तो म्हणाला. काही ना काही बदल करून जावं, एवढंच त्याला सुचवायचं होतं.

शेवटी इंदूताईच शहाणपणाचं बोलल्या. “पेपर घेऊन जा ना. चित्र दाखवले का समजलंच.”

आता पेपर शोधायला लटारूभाऊंकडे धाव. आणि इथे मंडळाचा सगळ्यात मोठा दोष उघडा पडला. लटारूभाऊ वाचून झालेला पेपर कधी टाकून देत नसत. त्या कागदाचे ते ब्लाउजचे बेतन, म्हणजे मापाचे नमुने, कापत. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा धनंजय वडशातल्या बायांच्या मापानं बाह्या, पाठी, गळे होऊन खिळ्याला टांगलेला होता.

“सारा हाय, एक बी तुकडा वाया जाऊ देला नाई,” लटारूभाऊ अभिमानानं म्हणाले.

बुधवारी खुशालराव आरमोरीवरून जाणाऱ्या एस.टी.त बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत ब्लाउज. वाटेत छावणीपाशी गाडी थांबली, एका जवानानं पिशवीत हात घातला, एक बाही बाहेर काढून उलटसुलट बघितली आणि खुशालरावांकडे असं बघितलं की त्यापेक्षा त्यानं बेड्या घातल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं.

गडचिरोलीच्या कचेरीतले साहेब तिकडचे, साताऱ्याकडचे होते. दांडगे, पण दमलेले. समोर ते कार्ड होतं.

“अक्षर तुमचं?”

“मजकूर माझा, अक्षर चिटणिसांचं.”

“ही चढाई कुठे चाललीय?”

“मैदानात, साहेब.”

“आणि हा आठवा माणूस कोण?”

“तोच तर प्रश्न आहे साहेब!” खुशालराव भीती विसरून पुढे झुकले. “आम्ही पोळ्यापासून विचारतोय. कोणी सांगतच नाही.”

“लपलाय कुठे?”

“नारळाच्या झाडामागे.”

साहेबांनी भुवया आवळल्या. “नारळाचं झाड? या भागात?”

“तेही आम्ही लेखी कळवलं आहे साहेब!”

साहेबांनी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग खुशालरावांनी पिशवी टेबलावर उपडी केली.

“हे काय?”

“पुरावा.”

“उंदिरवाडे, हा ब्लाउज आहे.”

“ही डावी बाही आहे साहेब. चढाई इथून सुरू होते. आईची आठवण पाठीवर आहे. प्रधान सर बहुतेक काखेत गेले आहेत.”

साहेबांनी संशयानं डावी बाही उचलली. वाचली. मग उजवी शोधली. मग खुर्चीतून उठून टेबलावरचा दिवा सरकवला आणि तुकड्याला तुकडा जोडू लागले. अर्ध्या तासानं त्या टेबलाभोवती दोन हवालदार आणि एक टंकलेखक उभे होते आणि साहेब ओरडत होते, “अरे पंच काय झोपलाय काय? त्याचा पाय लाइनीबाहेर गेलाय! गळ्याचा तुकडा कुठाय, गळ्याचा?” कॉलेजात ते कबड्डीचे कप्तान होते, असं त्यांनी मग स्वतःच सांगितलं.

पण सगळं बघून झाल्यावर ते पुन्हा साहेब झाले.

“मला पटलं हो. पण फाइलला पटायला कागद लागतो. हा धनंजय काल्पनिक इसम आहे, असं त्या चित्रकाराकडून लिहून आणा. नाहीतर कागद वर जाईल, आणि वरचे लोक बाह्या जोडत बसणार नाहीत.” दारापर्यंत सोडायला येऊन ते हळूच म्हणाले, “आणि दम कधी सुटणार, तेवढं विचारा.”

परतीच्या गाडीत खुशालरावांना सुटल्याचा आनंद झाला नाही. ज्या ढोबळ्यांचा त्यांनी पोळ्यापासून जाहीर पाणउतारा केला, त्यांच्याच दारात आता पदर पसरायचा होता. ढोबळे काय, एका ओळीत सूड घेऊ शकत होते. ‘धनंजयशी माझा संबंध नाही’ एवढं लिहिलं की संपलं.

“सत्काराले बोलवा,” नथ्थूजी म्हणाले. “सत्कार म्हटला का माणूस शत्रूच्याई गावाले येते.”

पत्र गेलं. शिक्का या वेळी कामाला आला. ‘धनंजय दर्शन मंडळ’ वाचून कोणालाही भक्तच वाटले असते. आणि चक्क उत्तर आलं. रविवारी दुपारच्या गाडीनं येते की येतो, ते घाईच्या अक्षरात नीट लागत नव्हतं. खाली सही होती, आ. ढोबळे.

रविवारी सगळं मंडळ झेंडूचा हार घेऊन वडसा स्टेशनवर उभं. गाडी थांबली आणि पहिल्या डब्यातून एक उंचापुरा माणूस उतरला. मानेवर रुळणारे केस, खांद्यावर शाल, डोळ्यांत काजळासारखं काहीतरी. कलावंत तो कलावंत. खुशालरावांनी पुढे होऊन हार घातला. टाळ्या झाल्या. त्या माणसानं जराही आश्चर्य न दाखवता दोन्ही हात जोडले.

“रसिकहो,” तो भरल्या गळ्यानं म्हणाला, “मागच्या मोसमात मी तुमच्यासमोर सात वेळा मेलो. यंदाही मरेन. तुमचं प्रेम असंच राहू द्या.”

तो झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळीचा खलनायक निघाला. तालमीसाठी आला होता. हार परत मागण्याची हिंमत कोणाला झाली नाही, आणि तो माणूस हारासकट टांग्यात बसून निघून गेला.

गाडीही गेली. फलाटावर मंडळ उरलं, आणि थोड्या अंतरावर एक बाई. साधं सुती पातळ, काखेत कागदाची मोठी गुंडाळी, चाळिशीची उमर. ती हसू दाबत होती, पण ते दाबलं जात नव्हतं.

“उंदिरवाडे कोण यांच्यातले?” तिनं विचारलं.

खुशालरावांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“मी आशा ढोबळे. धनंजय मीच काढते.”

आता वर्णन काय करायचं? नथ्थूजींनी चष्मा काढून पुन्हा लावला. खुशालरावांना आपण लिहिलेलं एकेक कार्ड आठवू लागलं. ‘ढोबळेसाहेब, मिशी आहे म्हणून कोणी मर्द खेळाडू होत नाही,’ असंही एका कार्डावर होतं. त्यांना रुळांकडे बघावंसं वाटलं, पण पुढची गाडी यायला वेळ होता.

आशाबाईंना लटारूभाऊंच्या दुकानात बसवलं. दुकानाबाहेर गर्दी झाली. खुशालरावांनी खाली मान घालून गडचिरोलीचा सगळा किस्सा सांगितला, कार्ड, बाह्या, साहेब, सगळं. सत्कार हा बहाणा होता, हेही सांगितलं.

आशाबाईंनी शिलाईच्या टेबलावर कागद ओढून घेतला आणि लिहायला सुरुवात केली. मध्येच थांबल्या.

“काल्पनिक लिहायला हात धजत नाही हो,” त्या म्हणाल्या. “आठ वर्षं रोज सोबत आहे तो.” तरी त्यांनी लिहिलं, सही केली. मग खुशालरावांकडे वळल्या. “तुम्ही विचारलं होतं, आयुष्यात कधी मैदानात पाय ठेवला आहे काय. नाही ठेवला. आमच्या शाळेत मैदान मुलांचं होतं. मुलींना शिवणाचा तास. शिवणाच्या वर्गाच्या खिडकीला जाळी होती. त्या जाळीतून गडी नीट मोजता येत नव्हते.”

लटारूभाऊंनी उगाचच मशीनचं चाक हातानं थांबवलं. ते आधीच थांबलेलं होतं.

“बाई, माझं चुकलं,” खुशालराव म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य वडशानं प्रथमच ऐकलं.

“अहो, छे!” आशाबाई म्हणाल्या. “आठवा गडी पहिल्यांदा चुकून आला. पण तुमचं कार्ड आलं ना, तोवर मला कधी कोणाचं पत्रच आलं नव्हतं. संपादक म्हणाले, कोणीतरी वाचतंय की! मग मी त्याला काढायचं सोडून झाडामागे ठेवला. म्हटलं, वडशाचे लोक शोधू देत. नारळसुद्धा मुद्दाम. दुपारची डाक आली की मी आधी तुमची कार्डं वाचते आणि मग चित्र काढायला बसते.”

“अन् दम?” नथ्थूजींना राहवलं नाही. “दम काऊन सुटत नाई त्याचा?”

आशाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. “संपादकांनी सांगितलंय, हा सामना संपला की चित्रकथा बंद. त्या जागी आठवड्याचं राशिभविष्य टाकायचंय. म्हणून मी त्याला आतच ठेवलाय. किती दिवस ठेवणार? आता आईची आठवण तरी किती वेळा काढायची?”

दुकानातला एकही माणूस हसला नाही. ज्या धनंजयची रोज टिंगल केली, तो जाणार म्हटल्यावर प्रत्येकाला घरातलं कोणी जाणार असल्यासारखं वाटलं. खुशालरावांना तर पुढच्या सगळ्या संध्याकाळी दिसू लागल्या, सहाव्या पानावर राशिभविष्य, आणि त्यात काढण्यासारखी चूकच नाही, कारण सगळीच चूक.

“मंग सामना संपवा अन् दुसरा सुरू करा,” दारातून आवाज आला. इंदूताई होत्या. “पोरींचा करा. पोरी खेळल्या तं मी बी वाचीन, संपादकाले कार्ड बी टाकीन. आतापर्यंत मी ते पान उघडून बी पाह्यलं नाई.”

“अन् मी कोणाकडून वाचून घेईन,” केसरबाई मागून म्हणाल्या. धनंजय आजारी नाही, हे त्यांना नुकतंच कळलं होतं आणि काढा फुकट गेल्याचा राग अजून पुरता उतरला नव्हता.

“मुलींचा सामना?” आशाबाई म्हणाल्या. “पण मी तर मुलांचासुद्धा जवळून बघितला नाही.”

एवढं पुरे होतं. त्याच दुपारी हायस्कूलच्या मैदानावर पोरांचा सराव होता. सगळी वरात तिकडे निघाली. आशाबाईंना अगदी रेषेलगत खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. बोटानं गडी मोजत रेषेच्या कडेनं फिरत होत्या, आणि कोणी पकडला गेला, धूळ उडाली, की कागदावर भराभर रेघा ओढत होत्या. “किती जवळून धरतात हो! मला वाटायचं, लांबूनच हात लावतात,” असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

पोरांचा डाव संपला आणि इंदूताई उठल्या. पदर खोचला. “या बाई,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“आत.”

बघता बघता शाळेतल्या तीन पोरी, मोंढ्यातल्या दोघी, केसरबाई आणि इंदूताई, असा सात जणींचा एक संघ उभा राहिला. पंच म्हणून खुशालरावांच्या हाती शिट्टी देण्यात आली, कारण नियम त्यांच्याइतके कोणाला तोंडपाठ नव्हते. आशाबाईंनी चपला काढल्या, कागद लटारूभाऊंकडे दिले आणि मध्यरेषेपाशी येऊन उभ्या राहिल्या. एक पाय उचलला. पुन्हा ठेवला. मग ‘कबड्डी, कबड्डी’ असं अगदी वर्गात प्रार्थना म्हणावी तसं हळू म्हणत त्या रेषा ओलांडून गेल्या.

चार पावलं गेल्या असतील. इंदूताईंनी घोटा धरला, एका पोरीनं कंबर धरली, आणि केसरबाईंना पकडीची रीत माहीत नसल्यामुळे त्या सरळ वर बसल्या. खालून “कबड्डी” ऐवजी नुसतं हसणं ऐकू येत होतं.

खुशालरावांनी शिट्टी फुंकली. “बाद! दम तुटला, मध्यरेषेला स्पर्श नाही. चढाई करणारा खेळाडू बाद.”

केसरबाईंच्या खालून आशाबाईंनी डोकं बाहेर काढलं. केसांत माती, गालावर माती.

“पंच,” त्या म्हणाल्या, “आधी तुम्ही मैदानाच्या बाहेर व्हा. कधीपासून आत उभे आहात. याचा खुलासा व्हावा.”

खुशालरावांनी पायाखाली बघितलं. खरंच आत होते. सगळं वडसा हसत सुटलं. नथ्थूजी खुर्चीवरून घसरले. पोरं लोळली. आयुष्यात पहिल्यांदा गाव त्यांची चूक काढून हसत होतं आणि खुशालराव आपला अपमान कधी होतो याची वाट बघत उभे राहिले. तो झालाच नाही. उलट त्यांच्या स्वतःच्याच पोटातून काहीतरी उसळून वर आलं, आणि शिट्टी तोंडात असल्यामुळे त्या हसण्याची एक लांबच लांब शिट्टी झाली.

तेवढ्यात स्टेशनाकडून दुसरी शिट्टी ऐकू आली.

“बाई, परतीची गाडी!” नथ्थूजी घड्याळ काढून ओरडले. “पळा! याच्यानंतर उद्या सकाळीच हाय.”

आशाबाई उठल्या. पातळ झटकलं, त्यानं धूळ फक्त इकडची तिकडे गेली. स्टेशनाच्या दिशेला एकदा बघितलं, आणि मग समोर वाकून तयार उभ्या असलेल्या इंदूताईंकडे.

“जाऊ द्या ती गाडी,” त्या म्हणाल्या. “उंदिरवाडे, चूक असेल तर सांगा, पण मला अजून एक चढाई मिळते की नाही?”

नियमाप्रमाणे मिळत नव्हती. खुशालरावांना कलम माहीत होतं, पोटकलमही माहीत होतं.

“मिळते,” ते म्हणाले. रेषेच्या चांगले दोन हात बाहेर जाऊन उभे राहिले आणि शिट्टी फुंकली.

आशाबाईंनी खाली वाकून मध्यरेषेची माती कपाळाला लावली, छाती भरून श्वास घेतला, आणि या वेळी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात कबड्डी, कबड्डी म्हणत त्या आत शिरल्या.